पलटण परतल्यानंतरची शाळा

२०१५ च्या उन्हाळ्यात होंडुरासच्या उत्तर भागातल्या ओकोतेस आल्तो या गावात अमेरिकी हवाई दलाच्या ‘रेड हॉर्स’ या बांधकाम पथकातले आणि मरीन दलातले सैनिक मिळून दोन वर्गखोल्यांची एक शाळा बांधत होते. शाळेला नाव होते गाब्रिएला मिस्त्राल यांचे. चिलीतल्या खेड्यांत शिक्षिका म्हणून राबलेल्या या कवयित्रीला १९४५ साली साहित्याचे नोबेल मिळाले. इमारत म्हणून त्या दोन खोल्यांत नवलाचे काही नव्हते. वेगळेपण एवढेच की तिचे बांधकाम हा एका लष्करी सरावाचा अधिकृत भाग होता. ‘न्यू होरायझन्स’ नावाचा हा सराव अमेरिकेची दक्षिण कमांड १९८० च्या दशकापासून घेत असे. त्यात अभियंता सैनिक शाळा आणि दवाखाने बांधत, कूपनलिका खोदत, लष्करी डॉक्टर खेड्यांत तपासणी शिबिरे घेत. फिलिपिन्समधल्या ‘बालिकातान’ सरावात वर्गखोल्या उभ्या राहतात. थायलंडमधल्या ‘कोब्रा गोल्ड’मध्ये अनेक देशांचे अभियंते एकत्र येऊन एखाद्या गावच्या शाळेला सभागृह बांधून देतात. तिमोर-लेस्तेत अमेरिकी नौदलाच्या ‘सीबीज’ या बांधकाम तुकड्यांनी शाळा बांधल्या. जपानच्या स्वसंरक्षण दलाने २००४ ते २००६ या काळात इराकमधल्या समावा परिसरात शाळांची दुरुस्ती केली. परक्या देशातल्या खेड्यात परकी पलटण शाळा बांधते, हे दृश्य गेल्या सत्तर वर्षांत इतक्या ठिकाणी दिसले आहे की त्याचा गंभीरपणे हिशेब मांडायला हवा.

हा हिशेब सहसा मांडलाच जात नाही, कारण अशा कामाकडे पाहण्याच्या दोन ठरलेल्या नजरा आहेत. एका नजरेला गणवेशातला सैनिक आणि त्याच्याभोवती हसणारी मुले दिसतात, आणि तिथेच समाधान होते. दुसऱ्या नजरेला त्यात फक्त महासत्तेचा डाव दिसतो, आणि तिचाही शोध तिथेच थांबतो. दोघेही पाहतात तो दिवस एकच, फीत कापण्याचा. शाळेची परीक्षा त्या दिवशी होत नसते. पहिल्या मोठ्या पावसात छप्पर गळते का, दुसऱ्या वर्षी शिक्षक टिकतो का, तिसऱ्या वर्षी तुटलेले दार कोण बसवतो, यावर ती होत असते. या लेखातले म्हणणे एवढेच आहे की सैन्याचे वेळापत्रक आणि शाळेचे वेळापत्रक मुळातच जुळत नाही. सैन्याचे काम मोहिमेच्या आणि बदलीच्या तारखांवर चालते, तर शाळेचे पिढ्यांवर. या दोन्हींमधली दरी कोणीतरी जाणीवपूर्वक भरून काढली असेल तर पलटणीने बांधलेली शाळा खरोखर शाळा होते. ती भरलेली नसेल, तर बांधणाऱ्यांचे हात कितीही कुशल असोत आणि हेतू कितीही स्वच्छ असो, मागे फक्त भिंती उरतात.

सैन्य शाळा का बांधते, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेच्या बाबतीत कायद्यात लिहून ठेवलेले आहे, आणि तो कायदा एका वादातून आला. १९८३ च्या ऑगस्टपासून काही महिने होंडुरासमध्ये ‘आहुआस तारा दोन’ नावाचा प्रचंड संयुक्त सराव झाला. शेजारच्या निकाराग्वात सांदिनिस्ता सरकार होते, त्याच्याविरुद्ध लढणाऱ्या कॉन्त्रांचे तळ होंडुरासच्या हद्दीत होते आणि अमेरिकेला तिथे आपले बळ दाखवायचे होते. या सरावात धावपट्ट्या, छावण्या आणि रस्ते बांधले गेले, होंडुरासच्या सैनिकांना प्रशिक्षण दिले गेले, आणि जोडीला गावांसाठी बांधकामे व वैद्यकीय शिबिरेही झाली. सगळा खर्च पडला तो सैन्याच्या नेहमीच्या देखभाल-परिचालन निधीवर. बिल अलेक्झांडर या काँग्रेस सदस्याने हे कसे चालते असे विचारले, तेव्हा अमेरिकेच्या महालेखापालांनी जून १९८४ मध्ये स्पष्ट निर्वाळा दिला की हा निधी अशा कामांसाठी वापरणे गैर होते. परदेशी नागरिकांना मदत करण्यासाठी वेगळे कायदे आणि वेगळी खाती आहेत, ते काम संरक्षण खात्याने परस्पर करायचे नाही. या निर्वाळ्यानंतर दोन वर्षांत काँग्रेसने संरक्षण खात्याला मर्यादित मुभा देणारे कलम संमत केले. आज ते अमेरिकी कायद्याच्या दहाव्या शीर्षकातले कलम ४०१ आहे.

ते कलम बारकाईने पाहण्यासारखे आहे. मदत देताना दोन्ही देशांचे सुरक्षाहित साधले पाहिजे, आणि त्या कामातून सहभागी सैनिकांची स्वतःची कौशल्ये धारदार झाली पाहिजेत, अशी अट त्यात आहे. दुसऱ्या कुठल्या सरकारी मदतीची पुनरावृत्ती होता कामा नये. परराष्ट्र मंत्र्यांची मंजुरी हवी. मदत कुठल्याही लष्करी किंवा निमलष्करी गटाच्या पदरात पडता कामा नये. करता येण्याजोग्या कामांत विहिरी, साधे रस्ते, खेड्यांतली वैद्यकीय सेवा आणि सार्वजनिक इमारतींचे प्राथमिक स्वरूपाचे बांधकाम वा दुरुस्ती येते. म्हणजे ओकोतेस आल्तोच्या वर्गखोल्या कायद्याच्या दृष्टीने आधी सैनिकांचा सराव आहेत आणि मग मुलांची शाळा. अनेक टीकाकारांना हाच मुद्दा सर्वांत आक्षेपार्ह वाटतो. गरिबांची मुले ही कोणाच्या सरावाची साधने आहेत का, असे ते विचारतात.

हा आक्षेप मला पुरता पटत नाही. सराव हा हेतू लाजिरवाणा नाही. सैनिकी अभियंत्याला अनोळखी जमिनीवर, तुटपुंज्या साहित्यात, ठरल्या मुदतीत काम उभे करता आले पाहिजे, आणि ते कौशल्य छावणीच्या आवारात उभारून पुन्हा पाडायच्या भिंतींवर येत नाही. तसा सराव करायचाच असेल तर पाडून टाकायच्या भिंतींपेक्षा वापरात येणाऱ्या भिंती बांधलेल्या केव्हाही बऱ्या. शिवाय आपल्याकडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत गरीब रुग्णांना शिकाऊ डॉक्टरच तपासतात. त्यात रुग्णाचा अपमान आहे असे आपण मानत नाही, कारण शिकाऊ डॉक्टरामागे वरिष्ठ उभा असतो आणि रुग्णाचा केसपेपर असतो. टाके घातलेला रुग्ण पुन्हा तपासणीला येतो, जखम चिघळली तर ती कोणाच्या तरी नोंदीत येते. शिकण्याची किंमत रुग्णाने मोजू नये यासाठीची ही व्यवस्था आहे. तेव्हा सैनिकी शाळांबाबत विचारायचा प्रश्न हा की तिथे केसपेपर आहे का.

याचे उत्तर अमेरिकेच्याच लेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये दिले, आणि ते अस्वस्थ करणारे आहे. संरक्षण खात्याच्या परदेशांतल्या मानवी साहाय्य प्रकल्पांची त्यांनी तपासणी केली. खात्याच्याच नियमाप्रमाणे मुख्य साहाय्य निधीतून झालेल्या प्रत्येक प्रकल्पाचे ३० दिवसांत एक आणि एका वर्षाने दुसरे मूल्यमापन व्हायला हवे होते. ३० दिवसांची मूल्यमापने सुमारे निम्म्या प्रकल्पांची झालीच नव्हती. वर्षानंतरची तर सुमारे ९० टक्के प्रकल्पांची राहून गेली होती. या आकड्याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. प्रकल्प फसले असे तो म्हणत नाही. ते फसले की साधले हे बांधणाऱ्यांना माहीतच नव्हते, असे तो म्हणतो. काँग्रेसला दरवर्षी अहवाल जाई, पण त्यात कुठल्या देशात काय केले आणि किती खर्च झाला याची नोंद असे. त्या खोल्यांत बसून किती मुले पुढच्या इयत्तेत गेली, याचा रकाना त्यात नव्हता. हे निष्काळजीपणामुळे झाले असे मी म्हणणार नाही. ज्या तुकडीने शाळा बांधली ती वर्षभरात दुसऱ्या खंडात असते, तिचा अधिकारी दुसऱ्या हुद्द्यावर असतो, आणि त्या गावापर्यंत पुन्हा जाण्याचे काम कोणाच्याच नेमणूकपत्रात नसते. बदली हा सैन्याच्या आयुष्याचा पायाच आहे. म्हणून ही त्रुटी एखाद्या अधिकाऱ्याला समज देऊन दुरुस्त होत नाही.

बांधकामाच्या पद्धतीतही हेच वेळापत्रक उतरते. ‘बियाँड द होरायझन’ या दुसऱ्या सरावात अमेरिकेच्या राखीव दलाच्या आणि नॅशनल गार्डच्या तुकड्या आपल्या वार्षिक प्रशिक्षणाचे दोन आठवडे पुरे करायला मध्य अमेरिकेत येत. एक जथा पाया आणि जोते घालून परत जाई, दुसरा ठोकळे रचे, तिसरा कैच्या चढवून पत्रे ठोके. प्रत्येक जथ्याला नवी ओळख करून घ्यावी लागे, ओळंबा पुन्हा लावून आधीच्यांचे काम तपासावे लागे. आता अशा इमारतीचा विचार गावच्या गवंड्याच्या बाजूने करून पाहा. पोकळ काँक्रीट ठोकळ्यांची भिंत भूकंपाच्या प्रदेशात उत्तम, पण तिचे बळ पोकळीतल्या उभ्या सळईत आणि तिथे ओतलेल्या काँक्रीटमध्ये असते. बाहेरून ते दिसत नाही. उद्या खिडकी मोठी करायची म्हणून गावातल्या कोणी भिंत फोडली आणि सळई तोडली, तर भिंतीचा जीव गेला. सळई कुठून कुठे गेली आहे हे ज्याने घालताना पाहिले, त्यालाच ते कळणार. पत्र्याचे छप्पर लवकर चढते, पण दुपारी वर्ग भट्टीसारखा तापतो आणि मुसळधार पावसात बाईंचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात पत्र्याचे खिळे आधी गंजतात, मग भोके मोठी होतात. स्वच्छतागृह बांधून दिले तरी त्याचा मैला उपसणार कोण, टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपाचा वायसर बदलणार कोण, हे ठरलेले नसले तर वर्षभरात त्याला कुलूप लागते, आणि वयात आलेल्या मुलींची शाळा सुटायला तेवढे कारण पुरते. हे दोष सैनिकांच्या कारागिरीतले नाहीत. जाणाऱ्याने बांधताना राहणाऱ्याला शेजारी उभे केले होते की नाही, यावर ते अवलंबून आहेत.

इथे कोणी म्हणेल की भिंतींवर एवढे बोलायचेच कशाला, शाळा म्हणजे इमारत नव्हेच. ही समजूतही तपासून घ्यायला हवी, कारण पुरावा दोन्हीकडे आहे. इंडोनेशियाने १९७३-७४ ते १९७८-७९ या काळात तेलाच्या पैशातून ६१,००० हून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या. एस्थर दुफ्लो यांनी २००१ मध्ये या कार्यक्रमाचा अभ्यास प्रसिद्ध केला. दर हजार मुलांमागे एक शाळा वाढली की मुलांचे शिक्षण ०.१२ ते ०.१९ वर्षांनी वाढले आणि मोठेपणी त्यांची मजुरीही वाढली, असे त्यात दिसले. म्हणजे इमारतींनी फरक पडतो, निर्विवाद पडतो. मात्र तिथे बांधणारे सरकार तेच होते ज्याने त्या शाळांसाठी शिक्षक नेमले आणि त्यांचे पगार दिले. दुसरा अभ्यास अफगाणिस्तानातल्या घोर या डोंगराळ प्रांतातला. डाना बर्ड आणि ली लिंडेन यांनी ३१ गावे निवडून त्यांतल्या काहींना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे आधी गावातच शाळा मिळेल अशी आखणी केली. या शाळांसाठी नवी इमारत बांधलीच नव्हती. गावातलीच एखादी उपलब्ध जागा, सरकारी पाठ्यपुस्तके आणि जवळपासचा शिक्षक एवढेच भांडवल होते. तरी मुलींची पटनोंदणी ५२ टक्के अंकांनी आणि मुलांची ३५ टक्के अंकांनी वाढली. घरापासून शाळा जितकी दूर तितकी पटसंख्या घसरत जाते, हेही त्यांनी मोजले. मैलामागे घसरण १६ टक्के अंकांची होती. म्हणजे मुलाला आणि त्याहून जास्त मुलीला हवी असते ती पायी जाता येईल अशी जागा आणि तिथे रोज येणारा शिक्षक. सैन्य यांतली जागा पटकन देऊ शकते, शिक्षक मात्र देऊ शकत नाही. म्हणून ज्या गावात शिक्षण खात्याने आधी पद मंजूर केले नाही तिथे पाया खणायलाच घेऊ नये, असे मला ठामपणे वाटते.

युद्धाच्या छायेत हा प्रश्न किती चिघळतो हे अफगाणिस्तानने दाखवले. इराकमध्ये २००३ साली सद्दामच्या राजवटीच्या जप्त रोकडीतून ‘कमांडरचा आपत्कालीन निधी’ सुरू झाला. मैदानावरचा अधिकारी त्यातून शाळा, रस्ते, दवाखाने यांची कामे झटपट करून घेऊ शकत असे. पुढे तो अफगाणिस्तानातही आला. २००९ मध्ये अमेरिकी लष्कराने अधिकाऱ्यांसाठी जी पुस्तिका काढली तिच्या शीर्षकातच पैशाला शस्त्रप्रणाली म्हटले होते. ज्या निधीला त्याचा मालक शस्त्र म्हणतो, त्यातून उभ्या राहिलेल्या शाळेला शत्रू काय म्हणेल? केअर या संस्थेने २००९ मध्ये जागतिक बँक आणि अफगाण शिक्षण मंत्रालयाच्या साथीने शाळांवरील हल्ल्यांचा अभ्यास केला, तेव्हा लष्करी-नागरी पुनर्रचना पथकांनी बांधलेल्या शाळांना अधिक धोका आहे अशी लोकांची भावना त्यात नोंदली गेली. कामाचा दर्जाही घसरला, कारण तिथे बहुतेक वेळा अभियंता सैनिक स्वतः बांधत नव्हते, कंत्राट देत होते. काबूल प्रांतातल्या बाथखाक शाळेच्या वाढीव इमारतीची पाहणी अफगाण पुनर्रचनेवर नेमलेल्या विशेष महानिरीक्षकांनी केली. भार पेलणाऱ्या भिंती प्रबलित काँक्रीटऐवजी विटांच्या झाल्या होत्या. लाकडी कैच्यांच्या हलक्या छपराच्या जागी काँक्रीटचा जड स्लॅब आला होता. बदलांना रीतसर मंजुरी नव्हती, आणि हा सारा प्रदेश भूकंपाचा. जुलै २०१३ च्या त्यांच्या अहवालात हे सर्व आहे. मुलांच्या डोक्यावर स्लॅब चढवून कोणी निघून जातो आणि तो पेलेल का हे पाहायला वेळेवर कोणी येत नाही, यासारखा विश्वासघात दुसरा नाही.

यावर एक अभ्यासपूर्ण हरकत घेतली जाते. एली बर्मन, जेकब शपिरो आणि जोसेफ फेल्टर यांनी इराकमधल्या याच निधीचा हिशेब तपासला आणि २००७ नंतरच्या काळात त्यामुळे हिंसा कमी झाल्याचे दाखवले. मग सैन्याने शाळा बांधणे व्यर्थ कसे, असे विचारले जाते. पण त्यांच्याच पुढच्या संशोधनात कुठल्या प्रकल्पांचा उपयोग झाला ते पाहावे. प्रकल्प छोटे होते, जवळच सैन्य मुक्कामाला होते आणि स्थानिक गरजा जाणणारे विकासतज्ज्ञ सोबत होते, तिथे परिणाम दिसला. लहान काम, टिकून राहणारी उपस्थिती, स्थानिक माहिती: या तीन गोष्टी वेळापत्रकाच्या दरीवरचेच उपाय आहेत. शिवाय त्या अभ्यासांत मोजली गेली ती हिंसा. वाचन किंवा पटसंख्या मोजलेली नाही. एखाद्या जिल्ह्यात वर्षभर गोळीबार कमी झाला, ही मोठीच गोष्ट. तरी शाळेच्या यशाचा दाखला म्हणून ती पुढे करता येत नाही.

दुसरी हरकत मनाला भिडणारी आहे. जिथे ना शिक्षण खाते पोचते ना कुठली संस्था, तिथे पलटण गेली आणि दोन खोल्या बांधून आली तर बिघडले काय? उघड्यावर बसणाऱ्या मुलांना छप्पर तर मिळाले. हे अगदी खरे आहे, आणि वादळ वा भूकंपानंतरच्या पहिल्या महिन्यांत तर त्याला पर्यायच नसतो. अवजड यंत्रे, स्वतःचे इंधन, स्वतःचे दळणवळण घेऊन दुर्गम ठिकाणी उतरणे सैन्याइतके कोणाला जमत नाही. पण एरवीच्या काळात या ‘फुकट’ शाळेचा खर्च नीट धरायला हवा. कलम ४०१ खाली शाळेच्या नावे दाखवला जातो तो मुख्यत्वे साहित्य आणि आनुषंगिक खर्च. सैनिकांचे पगार, त्यांची विमाने, त्यांची छावणी हे सारे सरावाच्या खात्यात जाते. म्हणून कागदावर ती शाळा अतिशय स्वस्त दिसते, आणि गावातल्या मिस्त्रीला काम दिले असते तर ते महाग पडले असते असा चुकीचा ग्रह होतो. प्रत्यक्षात मिस्त्रीला दिलेली मजुरी गावात राहते आणि शाळा दुरुस्त करणारा माणूसही गावात राहतो. सरावाचे पैसे तसेही खर्च होणारच होते हा युक्तिवाद मला मान्य आहे. मान्य आहे म्हणूनच त्यातला काही भाग गावच्या कारागिरांच्या मजुरीसाठी आणि वर्षभरानंतरच्या एका भेटीसाठी राखून ठेवणे अवघड वाटू नये.

ही दरी भरून निघू शकते, याचे एक उदाहरण प्रशांत महासागरातल्या पलाऊ बेटांवर आहे. तिथे १९६९ पासून अमेरिकी सैन्याचे ‘सिव्हिक अॅक्शन’ पथक आहे. भूदल, नौदल आणि हवाई दल आळीपाळीने सुमारे डझनभर माणसांची तुकडी पाठवतात. माणसे काही महिन्यांनी बदलतात, तळ मात्र हलत नाही. यंत्रे तिथेच असतात आणि मागच्या तुकडीने बांधलेले पुढच्या तुकडीच्या डोळ्यांसमोर असते. शाळांची, रस्त्यांची कामे करताना हे पथक पलाऊच्या तरुणांना उमेदवार म्हणून घेते आणि सुतारकाम, वीजकाम, यंत्रदुरुस्ती शिकवते. पलाऊची लोकसंख्या २०,००० हूनही कमी, त्यामुळे शिकलेला एकेक वायरमन तिथे मोलाचा. पलाऊच्या संरक्षणाची जबाबदारी करारान्वये अमेरिकेकडे आहे, तेव्हा या चिकाटीमागे सामरिक स्वार्थ आहे हे उघडच आहे. त्या स्वार्थाने पथकाला तिथे टिकवून धरले, आणि टिकल्यामुळे बांधलेल्या कामाची देखभाल झाली.

मराठी वाचकाला हा विषय वाटतो तितका परका नाही. ‘सॅपर्स अँड मायनर्स’ या लष्करी अभियंत्यांच्या नावाचे आपल्या लोकांनी केव्हाच ‘सफरमैना’ करून टाकले होते. १८२० पासूनची परंपरा सांगणाऱ्या बॉम्बे सॅपर्सचे केंद्र पुण्याला खडकीत आहे, आणि भारतीय लष्कराचे अभियंता अधिकारी जिथे घडतात ते महाविद्यालय तिथून जवळच दापोडीला. भारतीय अभियंता तुकड्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आफ्रिकेत रस्ते आणि तळ बांधत आल्या आहेत, आणि शांतिसेनेच्या छोट्या झटपट प्रकल्पांतून गावच्या शाळांचीही कामे होतात. तेव्हा अमेरिकेच्या नोंदवहीत जे दोष दिसतात ते आपल्याला लागू नाहीत असे समजण्याचे कारण नाही. सहा महिने वा वर्षाने तुकडी बदलणे शांतिसेनेतही आहेच. भारताकडे मात्र दुसरा एक अनुभव आहे आणि तो मोलाचा आहे. नेपाळमध्ये २००३ पासून भारताच्या अनुदानातून शाळा, आरोग्यकेंद्रे यांसारखे शेकडो लहान प्रकल्प झाले, आणि ते नेपाळच्या स्थानिक यंत्रणांमार्फत राबवले जातात. मागणी तिथल्या लोकांकडून येते, काम तिथल्या कंत्राटदाराकडे जाते, इमारत तिथल्या संस्थेच्या नावे होते. या मार्गाने काम संथ होते, कागद फार लागतात, आणि अनुदान देणाऱ्याला छायाचित्रात फारसा भाव मिळत नाही. तरीही परदेशातल्या खेड्यात आपल्या सॅपर्सनी शाळा बांधायची ठरलीच, तर आराखडा त्यांचा, अवघड यंत्रकाम त्यांचे, पण मागणी आणि मालकी नेपाळसारखी गावाची, अशी सांगड घालता येईल. ताबा देताना किल्लीबरोबर सळयांची जागा दाखवणारा नकाशा, पत्रे आणि पंपाच्या सुट्या भागांचा साठा, काम शिकलेल्या दोन गवंड्यांची नावे आणि शिक्षक पदाच्या मंजुरीची प्रत, एवढे शाळा समितीच्या हाती पडले पाहिजे. एका वर्षानंतरच्या भेटीची तारीखही त्याच कागदावर असावी, आणि ती भेट बांधणाऱ्या तुकडीकडे न ठेवता त्या देशातल्या आपल्या दूतावासाकडे सोपवावी, कारण दूतावासाची बदली होत नाही.

कोरियातली गोष्ट या सगळ्यांपेक्षा जुनी आहे. १९५२ साली युद्ध चालू असताना अमेरिकेच्या ४० व्या पायदळ डिव्हिजनचे प्रमुख जनरल जोसेफ क्लीलंड यांना गप्योंग या डोंगराळ भागात तंबूत भरणारी शाळा दिसली. ही डिव्हिजन मुळात कॅलिफोर्नियाच्या नॅशनल गार्डची. तिच्या सैनिकांनी प्रत्येकी दोन डॉलर वर्गणी काढली, आणि डिव्हिजनच्या माणसांनी गावकऱ्यांसोबत इमारत उभी केली. शाळेला नाव दिले गेले ते कोरियात मारल्या गेलेल्या डिव्हिजनच्या पहिल्या सैनिकाचे, सार्जंट केनेथ कायझर यांचे. ते अवघ्या १९ वर्षांचे होते. कोणी म्हणेल की या शाळेचे पुढे भले झाले त्याचे श्रेय कोरियन सरकारला आणि शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेणाऱ्या कोरियन आईबापांना आहे. तसे ते आहेच, आणि नेमके तसेच असायला हवे. शिक्षक त्यांनी दिले, वर्ग त्यांनी वाढवले, दुरुस्त्या त्यांनी केल्या, आणि त्या शाळेतून आजचे गप्योंग हायस्कूल झाले. डिव्हिजनने आपल्याकडे एकच काम ठेवले, विसरून न जाण्याचे. युद्ध थांबले, डिव्हिजन १९५४ मध्ये कॅलिफोर्नियाला परतली, दोन डॉलर देणारे सैनिक म्हातारे झाले, आणि तरीही त्यांच्या वतीने माणसे गप्योंगला जात राहिली. डिव्हिजनच्या वतीने विद्यार्थ्यांना दिल्या जाणाऱ्या शिष्यवृत्त्या आता अशा सैनिकांच्या हातून जातात, ज्यांचा जन्मही १९५२ साली झालेला नव्हता.